सातबारा समुद्राच्या तापमानाचा

एक लहानशी काळी ताटली डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर बारीक चौकोन आखलेले आहेत आणि वर चिमूटभर पांढरी पूड पसरली आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर बारीक वाळूच. सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की तिच्यातले दाणे वेगवेगळे दिसू लागतात. एखादा तीन-चार फुगे एकमेकांना चिकटवल्यासारखा, एखादा गोटीसारखा वाटोळा, एखादा चपटा आणि कडेला जाड काठ असलेला. बहुतेक सगळे खसखशीच्या दाण्याहून लहान. ही फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं. या क्षेत्रातली माणसं त्यांना नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात.

यांतले काही जीव समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगत जगतात, मरतात आणि त्यांची रिकामी कवचं तळाशी जाऊन बसतात. तळावर गाळ साचत राहतो, थरावर थर. खोल समुद्रात हा वेग हजार वर्षांना काही सेंटीमीटर इतकाच. त्या गाळात पोकळ नळी खुपसून लांबलचक गाभा वर काढला की नळीचं वरचं टोक म्हणजे आज आणि खाली जावं तसतसा भूतकाळ.

मग कोणीतरी त्या गाभ्यातला एक थर घेतं, कवचं मोजतं आणि सांगतं, ‘वीस हजार वर्षांपूर्वी इथल्या पाण्याचं तापमान २५ अंश सेल्सिअस होतं.’ तिथे कोणी थर्मामीटर धरून बसलेलं नव्हतं. मग हा आकडा आला कुठून?

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना नुसता सातबारा पाहून कोणी शहाणा माणूस पैसे मोजत नाही. फेरफार नोंदी काढतो. हे नाव कधी लागलं, वारसाने की खरेदीने, मधे कोणाचं नाव कमी झालं. समुद्राच्या जुन्या तापमानाचंही तसंच आहे. २५ अंश हा उतारा झाला. त्याचे फेरफार कुठे आहेत ते पाहायचं.

झाडांवरून गाव

तुमचे डोळे बांधून गाडीतून नेलं आणि कुठेतरी उतरवून पट्टी सोडली. आजूबाजूला माड, सुपारी, कोकम दिसले तर तुम्ही कोकण म्हणाल. मोह, तेंदू, साग असेल तर विदर्भाचं जंगल. बाभळी आणि बोरी असतील तर देशावरचा कोरडा पट्टा. इथे एकटं झाड कामाचं नाही, कारण आंबा सगळीकडेच आहे. कुठली झाडं, किती प्रमाणात, हे एकत्र पाहून गाव ओळखायचं.

फोरॅमचं नेमकं हेच. तरंगणाऱ्या फोरॅमच्या आज जगभरात जेमतेम ५० च्या आसपास प्रजाती आहेत. काहींना ऊबदार पाणी मानवतं, काही ध्रुवाजवळच्या गारठ्यात खुशाल असतात. हे लक्षात यायला वेळ लागला. १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिशांचं ‘चॅलेंजर’ जहाज जगभरचे समुद्रतळ खरवडत फिरलं तेव्हा ही कवचं मुळात तळावर राहणाऱ्या जीवांची की वर तरंगणाऱ्यांची, यावरच वाद होता. पुढे १९३५ मध्ये वोल्फगांग शॉट या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मेटिओर’ मोहिमेत आणलेले अटलांटिकचे गाभे तपासले. ग्लोबोरोटालिया मेनार्डी ही ऊबदार पाण्यातली प्रजाती वरच्या थरात होती, त्याखालच्या थरात गायब होती आणि आणखी खाली पुन्हा होती. मधला थर हिमयुगाचा. तिथे अंशांत उत्तर नव्हतं, पण थंड आणि ऊबदार एवढं कळत होतं.

अंशांतलं उत्तर आलं १९७१ मध्ये. जॉन इंब्री आणि निल्वा किप यांनी ६१ ठिकाणचा अगदी वरचा, म्हणजे आजचा गाळ घेतला. प्रत्येक ठिकाणी कुठली प्रजाती किती टक्के, हा एक तक्ता. त्याच ठिकाणच्या पाण्याचं आजचं तापमान, हा दुसरा. दोन्हींचं नातं गणिताने बांधलं आणि ते नातं जुन्या थरांना लावलं. दुसरी पद्धत याहून सरळ आहे. जुन्या थरातली प्रमाणं घ्यायची, आजच्या हजारो नमुन्यांमधून त्याच्याशी सर्वांत जुळणारे दहाएक शोधायचे आणि त्या ठिकाणांच्या तापमानांची सरासरी काढायची. म्हणजे ‘हे गाव कुठल्या गावांसारखं दिसतंय?’ एवढंच विचारायचं.

आता यातली गोम. समजा पट्टी सोडल्यावर तुम्हाला माड आणि देवदार शेजारी शेजारी दिसले, तर? असं गाव आज कुठेच नाही. संगणक मात्र बिनदिक्कत ‘त्यातल्या त्यात जवळची’ दहा गावं काढून सरासरी देतो. म्हणून तापमानाच्या आकड्याबरोबर जुळणी किती चांगली होती याचाही आकडा लिहावा लागतो. कितीतरी फाइलींमध्ये तो नसतो.

दुसरी गोम अधिक चलाख आहे. पद्धत बरोबर आहे का, हे तपासायला आजचाच एक नमुना बाजूला ठेवतात आणि बाकीच्यांवरून त्याचं तापमान ओळखून दाखवतात. आकडा झकास जुळतो. पण जुळणारच, कारण त्याच्या अगदी लगतचा नमुना यादीत असतो. रत्नागिरीचं हवामान गणपतीपुळ्यावरून ओळखलं तर त्यात कौतुक कसलं? रिचर्ड टेलफर्ड आणि जॉन बर्क्स यांनी २००५ मध्ये हे नेमकं दाखवून दिलं. लगतचे नमुने बाजूला काढल्यावर चूक बरीच वाढते. माझ्या मते या क्षेत्रातलं ते सगळ्यात प्रामाणिक कामांपैकी एक आहे, कारण त्याने सगळ्यांच्याच आकड्यांची ऐट थोडी कमी केली.

३०० का?

प्रयोगशाळेतलं काम जवळून पाहिल्याशिवाय हा फेरफार कळत नाही. गाभ्यातून एक सेंटीमीटरचा काप काढतात, ओव्हनमध्ये वाळवतात, वजन करतात, पाण्यात भिजवतात. मग ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात. चिखल वाहून जातो, कवचं उरतात. ती वाळवून पुन्हा ०.१५ मिलिमीटरच्या चाळणीतून जातात आणि वर राहिलेली मोजायला घेतात. ही ०.१५ ची रेघ निसर्गाने आखलेली नाही. जगभरचे तक्ते एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ठरवलेली आहे. कोणी ०.१२५ वर मोजलं तर लहान प्रजातींचा टक्का वाढतो आणि मग दोन तक्ते शेजारी ठेवण्यात अर्थ राहत नाही.

दोन नमुन्यांच्या मधे चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात, म्हणजे मिथिलीन ब्लूमध्ये बुडवतात. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या ताटलीत दिसल्यावर लगेच ओळखू येतं, हा पाहुणा आहे, मोजायचा नाही. मला ही युक्ती फार आवडते. चूक होणारच, हे आधी मान्य करून तिच्या अंगाला रंग लावून ठेवायचा.

नमुन्यात हजारो कवचं असतात. ती एका छोट्या उपकरणाने निम्मी, मग निम्म्याची निम्मी करत तीनशेच्या आसपास आणतात. नंतर ओल्या, अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं, ओळखायचं आणि ६० घरं असलेल्या पट्टीवर आपापल्या घरात चिकटवायचं. एका नमुन्यात सबंध सकाळ जाते.

तीनशेच का? एखादी प्रजाती एकूण गर्दीत १ टक्का असेल तर ३०० मध्ये ती एकदाही न सापडण्याची शक्यता साधारण ५ टक्के उरते. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याइतपत खात्री येते. १०० मोजले तर तीच शक्यता ३७ टक्क्यांच्या जवळ जाते.

इथेच नोंदीचा पहिला प्रश्न उभा राहतो. समजा ३१२ कवचांपैकी ४८ एका प्रजातीची निघाली. १५ टक्के. आणि दुसऱ्या कोणी घाईत २० मोजली, त्यात ३ निघाली. तीही १५ टक्के. फाइलीत नुसते टक्के लिहिले की दोन्ही सारखेच वजनदार दिसतात. म्हणून मूळ मोजणी ठेवायची. टक्के नंतर कोणीही काढेल, पण टक्क्यांवरून मोजणी परत येत नाही.

सलालाहचं खरीफ आणि आपला पाऊस

आता आपल्या घरासमोरच्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्राच्या पश्चिमेच्या बाजूला, ओमानच्या किनाऱ्याशी, जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे सुटले की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार, पोषक पाणी वर येतं. सलालाहला या दिवसांत धुकं आणि हिरवळ असते. तिथले लोक या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावरचा खरीप हंगाम त्याच अरबी शब्दाचा. ओमानमध्ये नोकरीला असलेल्या मराठी माणसांना हे कौतुकाने सांगताना मी ऐकलंय.

या वर आलेल्या गार पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची प्रजाती उसळते. एरवी ती समशीतोष्ण समुद्रांची रहिवासी, उष्ण कटिबंधात तिचं काम नाही. ओमानजवळच्या गाळात ती भरपूर आहे, कारण तिला आपल्या मान्सूनच्या वाऱ्याने तिथे खायला घातलं. म्हणून तिथल्या थरांमध्ये बुलॉइडिसची टक्केवारी म्हणजे वाऱ्याच्या जोराची नोंद, असं वाचलं जातं. १९८७ मध्ये तिथे खोदलेल्या ७२३ क्रमांकाच्या विवरातल्या गाळावरून अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की गेल्या दहा हजार वर्षांत जेव्हा उत्तर अटलांटिक गारठला तेव्हा आपला मान्सूनही मंदावला होता.

पण तापमान काढणाऱ्याची मात्र इथे पंचाईत होते. थरात बुलॉइडिस वाढली. समुद्र सगळा थंड झाला होता म्हणून, की वारा जोरात होता म्हणून? नुसत्या मोजणीवरून हे सुटत नाही.

त्यात आणखी एक भर. खोल पाण्यात चुना विरघळतो. नाजूक कवचं आधी जातात, जाडजूड मागे राहतात. उष्ण पाण्यातल्या बऱ्याच प्रजाती नाजूक कवचाच्या, त्यामुळे तळाशी उरलेली गर्दी मूळ गर्दीपेक्षा थंड पाण्यातली वाटते. शिवाय तळावरचे किडे गाळ वरखाली करतात आणि शतकं एकमेकांत मिसळतात.

कवचाच्या आतलं रसायन

मग दुसरा साक्षीदार काढायचा, कवच ज्या चुन्याचं बनलंय तो चुना. ऑक्सिजनच्या साधारण ५०० अणूंमागे एक जड असतो. पाणी जितकं थंड, तितका हा जड ऑक्सिजन कवचात किंचित जास्त शिरतो. दर अंशामागे फरक हजारात सुमारे ०.२ भाग, इतका सूक्ष्म. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये हे तत्त्व मांडलं आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये त्यावरून हिमयुगांचा आलेख काढला. पुढे १९६७ मध्ये निक शॅकलटन म्हणाले की थांबा, यातला मोठा वाटा तापमानाचा नाहीच, बर्फाचा आहे. हिमयुगात हलका ऑक्सिजन जमिनीवरच्या बर्फात अडकून पडतो आणि समुद्रच मुळात जड होतो.

या गुंत्यातून मॅग्नेशियमने बरीच सुटका केली. कवचात कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम घुसतं आणि पाणी एक अंशाने तापलं की ते प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. यावर बर्फाचा थेट परिणाम होत नाही. म्हणून एकाच प्रजातीच्या कवचातून मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, त्याचा वाटा ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचा आणि उरतं ते पाणी मुळात किती जड होतं त्याचं माप. मात्र कवच नीट धुतलं नाही तर त्यावरची माती स्वतःचं मॅग्नेशियम मिसळते आणि पाणी फुकटचं गरम दिसतं. कुठल्या पायऱ्यांनी धुतलं, हेही नोंदीत हवं.

तेरावा महिना

हे सगळं शेवटी एका तक्त्यात येऊन बसतं. आणि खरं सांगायचं तर विज्ञानाची निम्मी फजिती तिथे होते.

मी एकदा असाच एक तक्ता नीट करायला घेतला होता. पहिल्या रकान्यात खोली, सेंटीमीटरमध्ये. ‘५-६’ म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सेंटीमीटरमधला काप. उघडून पाहतो तर तिथे ५ जून. एक्सेलने आपल्या हुशारीने खोलीच्या तारखा करून टाकल्या होत्या. ‘१३-१४’ पासून पुढच्या ओळी धडधाकट होत्या, कारण चौदावा महिना त्याला माहीत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. इथे महिने संपले म्हणून आम्ही वाचलो.

रिकामा चौकोन हा आणखी एक छळ. शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. रिकामं म्हणजे बघितलंच नाही, किंवा बघितलं पण वेगळं मोजलं नाही. एखाद्या आज्ञावलीने रिकाम्याचं शून्य केलं की न मोजलेली प्रजाती एकदम नामशेष होते.

वयाचा रकाना तर खास सावधपणे वाचायचा. शास्त्रज्ञ ‘आजच्या आधी’ लिहितात तेव्हा त्यांचा ‘आज’ १९५० साली थांबलेला असतो, कारण रेडिओकार्बनची, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयाची, मोजदाद तिथून धरतात. शिवाय कच्ची रेडिओकार्बन वर्षं आणि खरी वर्षं एक नव्हेत. १९७६ मध्ये क्लायमॅप या प्रकल्पाने हिमयुगातल्या समुद्राचा पहिला जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, तो ‘१८,००० वर्षांपूर्वीचा’. ती रेडिओकार्बन वर्षं होती. दुरुस्त करून तीच वेळ सुमारे २१,००० वर्षांपूर्वी येते. कुठल्या खोलीवर मोजमाप केलं, कच्चं वय किती आलं, कच्च्या वयाचं खरं वय करून देणाऱ्या कुठल्या वर्षीच्या वक्राने दुरुस्त केलं, हे तिन्ही लिहिलेलं असेल तर नवा वक्र आल्यावर वय पुन्हा काढता येतं. नुसतं वय लिहिलेलं असेल तर ते तिथेच गोठून बसतं.

क्लायमॅपचंच पाहा. त्यांच्या नकाशात उष्ण कटिबंधाचे समुद्र हिमयुगातही फारसे गार झालेले दिसत नव्हते, काही भाग तर आजच्याहून ऊबदार. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर मात्र हिमरेषा कित्येकशे मीटर खाली आल्याच्या खुणा होत्या. वाद वर्षानुवर्षं चालला. तो पुढे सरकला कारण मोजण्या शिल्लक होत्या. २००९ मध्ये मार्गो नावाच्या गटाने फोरॅम, इतर सूक्ष्मजीव आणि रसायन मिळून ६९६ नोंदी एकत्र आणल्या, प्रत्येकीला भरवशाची प्रत लावली आणि उष्ण कटिबंधाचं गारठणं क्लायमॅपपेक्षा जास्त, पण डोंगरवाल्यांच्या आकड्यांहून कमी निघालं.

आज अशा मोजण्या मुख्यतः जर्मनीतल्या पँजिया या भांडारात आणि अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पुराहवामान विभागात ठेवल्या जातात. तिथे प्रत्येक तक्त्याला कायमचा क्रमांक मिळतो. २०१७ मध्ये मायकल सिका आणि मिखाल कुचेरा यांनी आजच्या गाळाच्या चार हजारांहून जास्त मोजण्या एका मांडणीत आणल्या. त्यात त्यांचा वेळ गेला तो एकच नमुना दोनदा आलाय का हे शोधण्यात आणि जुनी नावं नव्याशी जुळवण्यात. गाभे स्वतः शीतगृहात असतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, लक्ष्मी खोऱ्यात, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने काढलेले गाभे कोचीला आहेत. केरळातलं कोची नव्हे, जपानमधलं. गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि अरबी समुद्राच्या फोरॅमवर तिथे दशकानुदशकं काम झालंय.

नावांचा घोळ मात्र भांडार कितीही मोठं केलं तरी सुटत नाही. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही उष्ण पाण्यातली प्रजाती दोन रंगांत येते, पांढरी आणि गुलाबी. गुलाबी हिंदी आणि प्रशांत महासागरातून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली. अटलांटिकमध्ये अजून आहे. अरबी समुद्राच्या गाभ्यात गुलाबी सापडू लागली की वयाचा एक फुकट दाखला मिळतो. ज्यांनी दोन्ही रंग एकाच ‘रुबर’ रकान्यात घातले, त्यांच्या तक्त्यातून हा दाखला कायमचा गेला.

निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्माची गोष्ट याच्या उलट. हिच्या कवचाची वळणं काही दाण्यांत डावीकडे, काहींत उजवीकडे. डावी ध्रुवाकडच्या गार पाण्यात जास्त, उजवी जरा ऊबदार पाण्यात. अनेक वर्षं समजूत होती की एकच जीव थंडी पाहून बाजू बदलतो. जनुकं तपासल्यावर कळलं की या दोन वेगळ्या प्रजाती आहेत आणि २००६ मध्ये उजव्या वळणाच्या प्रजातीला इनकॉम्प्टा हे जुनं नाव परत देण्यात आलं. क्लायमॅपच्या काळात मोजणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी एकाच नावाखाली डाव्यांचा एक रकाना आणि उजव्यांचा दुसरा, असे दोन ठेवले होते. नवं नाव आलं तेव्हा त्या जुन्या तक्त्यांमध्ये फक्त रकान्याचं शीर्षक बदलावं लागलं.